कोपरातला करंट

दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की आपण सगळे एकच म्हणतो, "करंट बसला." आपटतं कोपर, झिणझिण्या येतात करंगळीत. दोन-चार सेकंद हात झटकत, ओठ चावत उभं राहायचं आणि मग विसरून जायचं. गेल्या वर्षी मला ते विसरता आलं नाही, कारण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रात्री-अपरात्री बधिर व्हायला लागलं. डॉक्टरांनी "एनसीव्ही करून घ्या" म्हणून नसांच्या तपासणीची चिठ्ठी दिली. तपासणीच्या खोलीत एक तरुण मुलगी, एक जुनाट कॉम्प्युटर आणि जेलची बाटली. तिने करंगळीच्या बुडाशी तळव्याचा जो मांसल भाग असतो त्यावर दोन चकत्या चिकटवल्या, मनगटाशी दोन टोकांचं यंत्र टेकवलं आणि म्हणाली, "काका, थोडा झटका लागेल हं." करंगळी माझ्या परवानगीशिवाय उडाली. मग तेच यंत्र कोपराच्या खाली, मग कोपराच्या वर. दर वेळी पडद्यावर एक टेकडी उमटायची आणि दर वेळी ती थोडी उजवीकडे सरकलेली असायची. मुलीने टेपने माझ्या हातावरचं अंतर मोजलं, आकडे भरले आणि यंत्राने भागाकार करून टाकला. कोपराखालून मनगटापर्यंत सेकंदाला ५६ मीटर. कोपराच्या वळणावर ३८.

वळणावर नस दाबली गेली होती, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. औषधाची चिठ्ठी खिशात घालून घरी येताना माझं डोकं दुसऱ्याच हिशेबात अडकलं होतं. बटण दाबताच दिवा लागतो, तारेतला विजेचा इशारा प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करतो. माझ्या हातातून जे गेलं ते ताशी दोनशे किलोमीटरने गेलं. वंदे भारतच्या थोडं पुढे. मग हा करंट कसला? आणि वीज नसेल, तर नसेतून जातं तरी काय?

या प्रश्नाचं वय अडीचशे वर्षांच्या आसपास आहे, आणि उत्तर मिळत गेलं ते तुकड्यातुकड्याने. त्याआधी युरोपात शतकानुशतकं अशी समजूत होती की नसा पोकळ असतात आणि त्यांतून काहीतरी अतिसूक्ष्म द्रव्य वाहतं. बोलोन्याच्या लुइजी गॅल्वानीने १७८०च्या दशकात मेलेल्या बेडकाच्या तंगड्या विजेने उडवून दाखवल्या आणि १७९१ साली लिहिलं की प्राण्यांच्या अंगात त्यांची स्वतःची वीज असते. त्याचाच देशबंधू भौतिकशास्त्रज्ञ व्होल्टा याला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, वीज बेडकात नाही, बेडकाला टेकवलेल्या दोन वेगवेगळ्या धातूंत आहे. आपलं खरं करण्याच्या ईर्ष्येतून व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी केली, जग बॅटरीच्या मागे गेलं आणि बेडूक बाजूला पडला. बेडकात वीज होतीच. पण ती तारेतल्या विजेसारखी नव्हती, हे कळायला पुढची दीडशे वर्षं गेली.

पहिली शंका वेगाने आणली. जर्मनीतला त्या काळचा सर्वांत मोठा शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर याचं मत होतं की चेतासंदेशाचा वेग माणसाला बहुधा कधीच मोजता येणार नाही, इतका तो प्रचंड असणार. त्याचाच विद्यार्थी हर्मन हेल्महोल्ट्झ याने क्योनिग्सबर्गमध्ये १८४९-५०च्या सुमारास तो मोजला. युक्ती इतकी साधी, की वाचताना आपल्यालाही सुचली असती असं वाटतं. बेडकाच्या पोटरीचा स्नायू घ्यायचा, त्याची नस शाबूत ठेवायची. एकदा नसेला स्नायूच्या अगदी जवळ झटका द्यायचा, एकदा दूर. स्नायू आखडायला दोन्ही वेळा लागणाऱ्या वेळातला फरक म्हणजे मधलं अंतर कापायला लागलेला वेळ. तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागांत होता, पण होता. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. म्हणजे द्रुतगती मार्गावर नियमाने चालणारी मोटार जेवढी पळते तेवढंच. माझ्या हातावरची ती टेप, दोन जागी दिलेला झटका आणि तो भागाकार, सगळं हेल्महोल्ट्झचंच. बेडकाच्या जागी मी.

या वेगाचा अनुभव घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही, उंबरठा पुरतो. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी कळतं की लागलं. मध्ये एक क्षण असा जातो, ज्यात आपल्याला पक्कं ठाऊक असतं की आता दुखणार आहे. आणि मग ती खरी कळ येते. आपल्या नसांत जाड-बारीक तंतूंचा जुडगा असतो. जाड तंतू सेकंदाला ७० ते १२० मीटरने धावतात, स्पर्शाची बातमी आणणारेही वेगवान असतात. ठणका आणणारे सर्वांत बारीक तंतू मात्र सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतात, माणसाच्या रमतगमत चालीने. अंगठा ते मेंदू हे दीड मीटर कापायला त्यांना सेकंद-दीड सेकंद लागतो. "आई गं" म्हणायला उशीर होतो तो त्यांच्यामुळे.

इथे आपल्या भाषेची एक तक्रार नोंदवतो. 'नस' हा आपला शब्द भलताच ऐसपैस आहे. इंजेक्शन देताना नस सापडत नाही, ती रक्तवाहिनी असते. मानेत नस दबते, ती चेता असते. पोटरीत नस चढते, तो स्नायूचा गोळा असतो. शाळेच्या पुस्तकांनी चेतापेशी, अक्षतंतू, वृक्षिका असे नेमके शब्द दिले आहेत, पण दवाखान्याच्या बाकावर बसलेलं कुणी ते वापरत नाही. यात कमीपणा मानायला नको. असाच घोटाळा शास्त्रज्ञांनीही केला होता, तो पुढे सांगतो.

चेतासंस्था पेशींची बनलेली आहे हे सिद्ध व्हायलाही उशीर झाला. बाकी सगळं शरीर पेशींचं असतं हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ठरून गेलं होतं. पण मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दिसायचा नुसता गुंता, गोधडीच्या पोटात भरलेल्या चिंध्यांसारखा. कुठला धागा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, कळायला मार्ग नाही. १८७३ साली इटलीतल्या एका गावातल्या रुग्णालयात, स्वयंपाकघराच्या जागेत थाटलेल्या प्रयोगशाळेत कामिलो गॉल्जीने चांदीच्या क्षारांची एक प्रक्रिया शोधली. तिचं वैशिष्ट्य असं, की ती शंभरातल्या मोजक्याच पेशींना काळं करते. का, हे आजही नीट उलगडलेलं नाही. ज्या पेशीला रंग लागतो ती मात्र शेंड्यापासून मुळापर्यंत लागते. पिवळट पार्श्वभूमीवर एकटं, काळंशार, निष्पर्ण झाड.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने हे तंत्र १८८७ साली माद्रिदमध्ये पाहिलं आणि त्या तंत्राने त्याला झपाटून टाकलं. कोंबडीच्या पिल्लांच्या, पक्ष्यांच्या, लहान प्राण्यांच्या मेंदूचे काप तो बघत राहिला आणि त्यांची चित्रं काढत राहिला. हात चित्रकाराचा होता. त्याच्या ध्यानात आलं की झाडांच्या फांद्या एकमेकींपर्यंत येतात, पण मिसळत नाहीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र. गॉल्जीचं मत नेमकं उलट, की हे सगळं एकसंध जाळं आहे. १८८९ साली काहाल आपल्या काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या परिषदेत गेला, भाषेची अडचण असताना मोठमोठ्या प्राध्यापकांना जवळजवळ ओढूनच सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन आला. त्यांनी पाहिलं आणि मानलं. १९०६चं नोबेल गॉल्जी आणि काहाल दोघांना मिळालं. गॉल्जीने आपल्या नोबेल व्याख्यानात, शेजारी काहाल असताना, काहालच्याच सिद्धांतावर हल्ला चढवला. ज्या साधनाने एक हरला आणि दुसरा जिंकला ते साधन हरणाऱ्याचंच होतं. विज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा अवघडलेला सत्कार समारंभ क्वचितच झाला असेल.

काहालचं झाड आजही तसंच शिकवलं जातं. वृक्षिका बातमी घेतात, पेशीचं अंग ती एकत्र करतं, आणि एक लांब अक्षतंतू पुढे पाठवतो. 'लांब' म्हणजे किती? कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू मीटरभराचा असतो आणि त्याची पेशी डोळ्यांना दिसतही नाही. असल्या तंतूतून मिठाच्या पाण्यामार्फत वीज पाठवायची म्हटली, तर ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्येच झिरपून विझेल. तार म्हणून चेता अत्यंत भिकार आहे. पाणी वीज नीट वाहून नेत नाही, वरचं आवरण गळकं आहे. तरीही अंगठ्याची बातमी कमरेपर्यंत एका व्होल्टच्याही अंशाने न घटता पोचते. कोडं इथे होतं.

उकल समुद्रातून आली. मालवणच्या बाजारात जे माकूल मिळतं त्याच्या जातकुळीचा प्राणी धोका दिसला की पाण्याचा फवारा मारून मागच्या मागे पळतो. या पळण्यासाठी त्याच्या अंगात काही राक्षसी जाडीचे तंतू असतात, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड. आपल्या सर्वांत जाड तंतूच्या पंचवीसपट. ते इतके जाड, की लोकांना रक्तवाहिन्याच वाटले होते. (हाच तो 'नस' घोटाळा.) १९३६ साली प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंगने दाखवलं की ते अक्षतंतू आहेत. मग १९३९च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या प्लिमथमध्ये अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या दोघांनी असल्या तंतूच्या आत लांबीच्या दिशेने काचेची बारीक नळी सरकवली आणि आतला-बाहेरचा विद्युतदाब पहिल्यांदा थेट मोजला. काही आठवड्यांत महायुद्ध पेटलं. हॉजकिन रडारच्या कामाला गेला, प्रयोग सात-आठ वर्षं खोळंबला. १९५२ साली त्यांचे जे निबंध आले त्यांनी विषय मिटवला म्हटलं तरी चालेल.

त्यांनी जे दाखवलं ते असं. चेतापेशी गप्प असते तेव्हाही रिकामी नसते. तिच्या आत पोटॅशियम साठलेलं असतं, बाहेर सोडियम, आणि पापुद्र्याच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने उणं. टॉर्चच्या सेलच्या विसाव्या भागाहून कमी. हसू येण्याजोगा आकडा, पण पापुद्र्याची जाडी बघा. ती मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असल्याने ताण पडतो तो सेंटिमीटरला एक लाख व्होल्टच्या घरातला. पापुद्र्यात सोडियमची चिमुकली दारं असतात आणि ती या ताणाचीच राखण करत बसलेली असतात. एका जागी ताण थोडा ढिला झाला की तिथली दारं उघडतात. सोडियम बाहेरून आत घुसतं, तेवढ्या जागी उण्याचं अधिक होतं, त्या बदलाने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. पहिली दारं सेकंदाच्या हजाराव्या भागात आपोआप बंद होतात, पोटॅशियमची दारं उघडून ताण पूर्ववत करतात आणि क्षणभर तिथे काही केल्या दार उघडत नाही. म्हणून लाट मागे फिरत नाही.

म्हणजे तंतूच्या लांबीने काहीच प्रवास करत नाही. सोडियम आडवं आत येतं, पोटॅशियम आडवं बाहेर जातं. प्रवास करते ती दारं उघडण्याची पाळी. दिवाळीतली लवंगी फटाक्यांची माळ आठवा. पहिल्या फटाक्याचा आवाज शेवटच्यापर्यंत जात नाही, शेवटचा आपल्याच दारूने वाजतो, आणि म्हणून तो पहिल्याइतकाच मोठा वाजतो. मेणबत्तीने पेटवा नाहीतर मशालीने, आवाज तोच. चेतासंदेशही असाच, होतो तेव्हा पूर्ण होतो नाहीतर होत नाही. फरक एकच, आणि तो मोठा आहे. ही माळ वाजल्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागात पुन्हा भरलेली असते, सेकंदाला शेकडो वेळा वाजू शकते. दर वेळी आत शिरलेलं चिमूटभर सोडियम पुढे सावकाश बाहेर फेकायचं काम एक पंप करतो, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हा पंप येन्स स्कोऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या चेतांमध्ये शोधला. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के आणि खर्चाने वीस टक्के आहे, त्याचं एक मोठं कारण हा न थांबणारा पंप.

हक्स्लीने हे सगळं समीकरणांत बसवलं. केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून त्याने हाताने फिरवायच्या गणनयंत्राचं हँडल दिवसेंदिवस फिरवून माकुलाच्या तंतूत लाट किती वेगाने जायला हवी ते काढलं. सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्षात मोजलेला वेग २१.२. जीवशास्त्रात कागदावरचा आकडा प्रत्यक्षाच्या इतक्या जवळ यायची सवय कुणालाच नव्हती. गंमत अशी, की तोवर ती दारं कुणी पाहिलेलीच नव्हती. एका दाराचं उघडणं-मिटणं नेहर आणि साकमान यांनी १९७६ साली काचेच्या टोकावर पकडलं, आणि पोटॅशियमच्या दाराची घडण रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली दाखवली.

कोकणातल्या माणसाला मात्र या दारांची ओळख फार जुनी आहे, वेगळ्या मार्गाने. लाल विंचू. चिरे उचलताना, गवताची पेंढी ओढताना हा डसतो आणि त्याच्या विषातले रेणू सोडियमच्या दारांत पाचर ठोकतात. उघडलेलं दार मिटतच नाही. एकेका संदेशाच्या जागी संदेशांची सरबत्ती सुरू होते, आपल्या इच्छेविना चालणाऱ्या चेता पेटून उठतात. घामाच्या धारा, ओकाऱ्या, बर्फासारखे गार हातपाय, रक्तवाहिन्या आवळलेल्या, हृदय थकत चाललेलं, शेवटी फुप्फुसात पाणी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून असे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले, १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं आणि मग रक्तदाबावरचं एक स्वस्त औषध, प्राझोसिन, वापरून आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करण्याचा उपाय रुजवला. दारांतली पाचर ते औषध काढत नाही, तिचा परिणाम थोपवतं आणि शरीराला वेळ मिळवून देतं. बावस्करांच्या हाताशी ना मोठी प्रयोगशाळा ना मोठं रुग्णालय. माझ्या मते मराठी मुलखाने या विषयात घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे. पाचरीच्या उलट गोष्ट दातांच्या डॉक्टरांकडे घडते. लिग्नोकेन तीच दारं उघडू देत नाही, म्हणून दाढ निघते आणि आपण छताकडे बघत राहतो.

माकुलाचा उपाय, म्हणजे वेग हवा तर तंतू जाड करा, आपल्याला परवडला नसता. डोळ्यामागच्या चेतेत दहा लाखांच्या घरात तंतू आहेत. प्रत्येक अर्धा मिलिमीटर जाड केला तर ती चेता अर्ध्या मीटरहून जाड होईल. डोक्यामागे खोड घेऊन फिरावं लागेल. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांनी काढलेली तोड म्हणजे मायलिन. शेजारच्या पेशी तंतूभोवती चरबीदार पापुद्र्याचे वेढ्यावर वेढे घालतात, सुतळीवर मेणकापड गुंडाळावं तसे, आणि दर मिलिमीटरभरावर एक बारीक फट उघडी ठेवतात. या फटी फ्रान्सच्या रांव्हिएने १८७०च्या दशकात टिपल्या. दारं गर्दी करून असतात ती या फटींत. लाट फटीतून फटीत उडी मारत जाते. पंचविसावा भाग जाडीत पाचपट वेग.

हे मेणकापड फाटलं की काय होतं ते पुण्याने २०२५च्या जानेवारीत पाहिलं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक यायला लागले, महिन्या-दीड महिन्यात संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. 'जीबीएस' हा शब्द भाजीच्या गाडीवर पोचला. आधी जुलाब, पोटदुखी. ते बरं होतं, माणूस कामाला लागतो, आणि आठ-दहा दिवसांनी जिना चढताना पाय उचलत नाहीत. मग हात, मग कुणाकुणाचा श्वास. अनेक नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे गेलं. या जिवाणूच्या अंगावरची साखरेची नक्षी आपल्या चेतांच्या नक्षीसारखी असते. त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं नंतर आपल्याच चेतांना शत्रू समजतात. काहींत मायलिन सोलून निघतं, काहींत थेट त्या फटींवरच घाला पडतो. दोन्हीत लाट मध्येच अडते. एनसीव्हीच्या पडद्यावरची टेकडी उशिरा येते, पसरट होते, किंवा येतच नाही. उपचार म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं किंवा रक्तद्रव बदलणं, आणि गरज पडली तर व्हेंटिलेटरवर थांबणं. मायलिन पुन्हा गुंडाळलं जातं, म्हणून बहुतेक जण उठून चालायला लागतात. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला मिलिमीटरभर वाढतो. मांडीपासून पावलापर्यंतचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तंतू संपतो तिथे पुन्हा जुना वाद उभा राहतो. काहालने म्हटलं होतं पेशी मिसळत नाहीत, मग मधली फट ओलांडते कोण? शरीरशास्त्रज्ञ शेरिंग्टनने १८९७ साली या जागेला 'सायनॅप्स' नाव देऊन टाकलं, पण नावाने उत्तर मिळत नाही. एक गट म्हणे ठिणगी उडते, दुसरा म्हणे रसायन झिरपतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचा ऑटो लोवी एका रात्री झोपेतून उठला, चिठोऱ्यावर प्रयोग खरडला आणि झोपला. सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःला लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी तो तडक प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची धडधडती हृदयं. पहिल्याची चेता चेतवून ठोके मंद केले, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्याला घातलं. दुसऱ्याचेही ठोके मंदावले. पाण्यात काहीतरी उतरलं होतं. हे १९२१ साल. ते काहीतरी म्हणजे अॅसिटिलकोलिन. लोवीला १९३६ साली नोबेल मिळालं आणि १९३८ साली नाझींनी त्याला तुरुंगात टाकलं. बक्षिसाची रक्कम त्यांच्या हवाली केल्यावरच त्याला देश सोडता आला.

ठिणगीवाल्यांचा म्होरक्या जॉन एकल्स १९५१पर्यंत अडून बसला होता. मग त्याच्या स्वतःच्याच प्रयोगाने त्याला खोटं पाडलं आणि त्याने उमदेपणाने बाजू बदलली. आज चित्र असं आहे की लाट टोकाशी पोचली की कॅल्शियम आत येतं, रसायनाने भरलेल्या पुड्या पापुद्र्याला भिडून फुटतात, रसायन मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट ओलांडतं आणि पलीकडची दारं उघडतं. पुड्या नेहमी अख्ख्याच फुटतात, अर्धी कधीच नाही, हे बर्नार्ड काट्झने १९५०च्या दशकात दाखवलं. (काही ठिकाणी पेशी थेट जोडलेल्याही असतात, म्हणजे गॉल्जी अगदीच चूक नव्हता.) मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला डसते ती याच जागी. दंश धड जाणवतही नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटत जातात. तिचं विष पुड्या साठवणारी टोकंच उद्ध्वस्त करतं. नागाचं विष पलीकडची कुलपं झाकून बसतं. म्हणून प्रतिविष वेळेवर मिळूनही मण्यारीच्या रुग्णाला नवी टोकं फुटेपर्यंत श्वासाचा आधार द्यावा लागतो.

पेशी मोजण्याची कथाही मजेची आहे. वर्षानुवर्षं पुस्तकं छापत आली की मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी आहेत आणि आधार देणाऱ्या ग्लिया पेशी त्यांच्या दसपट. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी मेंदू चक्क घोटून त्याचं एकजीव सूप केलं आणि त्यातली पेशींची केंद्रकं मोजली. २००९ साली उत्तर आलं ८६ अब्ज, आणि ग्लिया जवळपास तेवढ्याच. त्या ८६तल्या ६९ अब्ज मागच्या बाजूच्या, मुठीएवढ्या छोट्या मेंदूत. विचार करणारा म्हणून ज्या वरच्या सालीचा एवढा तोरा, तिच्या वाट्याला १६. ग्लिया या निव्वळ गवंडी नाहीत हे आता मान्य आहे, त्या सायनॅप्स छाटतात, रसायनं गोळा करतात. त्याहून पुढचे दावे वाचताना मी हात आखडता घेतो.

राहिला माझा मूळ प्रश्न, आपटलं कोपर तर करंगळीला काय झालं? केंब्रिजच्या एडगर एड्रियनने १९२०च्या दशकात एकेका तंतूतले संदेश ध्वनिक्षेपकावर ऐकले. सगळे ठोके सारखे. जोराचा स्पर्श झाला तर ठोके मोठे होत नाहीत, भराभर पडतात. एकदा त्याने भेकाच्या डोळ्याच्या चेतेला तारा जोडल्या होत्या, खोली जवळजवळ अंधारी, आणि ध्वनिक्षेपक मध्येच खरखरायला लागायचा. बराच वेळ त्याला कळेना. मग लक्षात आलं की तो स्वतः खोलीत हलला की भेक त्याला बघतो आहे. प्रकाश, आवाज, चटका, गुदगुली, सगळ्यांची एकच टकटक. मेंदूला कळतो तो फक्त पत्ता, टकटक कुठल्या तंतूवरून आली. माझ्या कोपराच्या आतल्या खोबणीत, कातडीखाली लगेच, जी चेता आहे तिचे तंतू करंगळीचे आहेत. वाटेत कुणी खडा मारला तरी मेंदू निरोप करंगळीच्या नावावर टाकतो.

ती खोबण महाराष्ट्रातल्या आरोग्यसेवकांच्या बोटांना पाठ आहे. गॉल्जीने ज्या वर्षी पेशी काळ्या केल्या त्याच १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सनने कुष्ठरोगाचा जिवाणू पाहिला. त्याला थंड जागा मानवते आणि तो मायलिन गुंडाळणाऱ्या पेशींतच बिऱ्हाड करतो. म्हणून कातडीलगतच्या चेता तो आधी धरतो, कोपराची ही तर हमखास. चाचपली तर दोरीसारखी जाड लागते. वेल्लोरच्या पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बोटं जिवाणू खात नाही, ती झडतात वेदना न कळल्यामुळे, चुलीवरच्या भांड्याने, टोचलेल्या काट्याने. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या माणसांचे हात असे झालेले होते.

तपासणीला आजही यंत्र लागत नाही. आरोग्यसेवक समोर बसतो, हात पालथा करायला सांगतो, खोबणीत बोट घालून दोरी चाचपतो. मग म्हणतो, डोळे मिटा, मी जिथे पेन टेकवीन तिथे बोट ठेवून दाखवा. अंगठा, बरोबर. तर्जनी, बरोबर. मग करंगळी. पेन टेकून उचललेलंही असतं, आणि समोरचा माणूस डोळे मिटून अजून वाट बघत असतो.